सीट आधी की दाखला आधी?

माझ्या भाईजानची सोलापुरात मार्केट यार्डाजवळ फळांची गाडी आहे. पंचवीस वर्षे झाली. आंब्याची पेटी उघडून खालचा थर पाहिल्याशिवाय त्याने कधी कोणाला पैसे दिले नाहीत. असा हा माणूस मुलाच्या एम.सी.ए.च्या प्रवेशासाठी पुण्याला गेला आणि न उघडलेल्या पेटीचे पूर्ण पैसे मोजून परत आला.

भाच्याने बी.सी.ए. केले होते. सी.ई.टी. दिली होती, गुण मध्यम होते. पहिल्या फेरीची यादी लागायच्या आतच एका एजंटाचा फोन आला, "संस्था स्तरावरची एकच जागा उरली आहे, आज भरा, उद्या मिळणार नाही." घरात कोणी पदवीच्या पुढे गेलेले नव्हते. सीट हातची जाईल या धास्तीने भाईजानने त्याच दिवशी पहिल्या वर्षाची फी भरली. मला संध्याकाळी फोन आला, "सीट पक्की झाली, दुआ करा." मी दुआ केली. खरे तर आधी चौकशी करायला हवी होती. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. मला निदान विचारता तरी आले असते.

दोन महिन्यांनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कळले की मुलाचा प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे 'कॅप' म्हणतात त्यातून झालेला नाही. त्यामुळे शासनाच्या फी सवलतीला तो पात्रच नव्हता. दोन वर्षांचे तीन लाख घरातून उभे करायचे होते. भाभीच्या बांगड्या गहाण पडल्या, उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज झाले. ज्या घरात मुदत ठेवीचे व्याजसुद्धा वेगळे काढून देऊन टाकतात, त्या घरात हप्ता आला. त्या रमजानात इफ्तारनंतर भाईजान मला म्हणाला, "आपा, हे किती होणार ते एकदा मांडून दे."

मी मांडून दिले. वाचकांनीही एकदा मांडून पाहावे म्हणून इथे देते. समजा पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख असे कर्ज उचलले, व्याज दर साल 10 टक्के. शिक्षणाची दोन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून लोकांना वाटते की तोवर काही वाढत नाही. पण सरळव्याजाने पहिल्या रकमेवर 45 हजार आणि दुसऱ्या रकमेवर 30 हजार चढलेले असतात. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच देणे 3 लाख 75 हजार. ते पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 8 हजार. शेवटी 3 लाखांचे जवळजवळ 4 लाख 78 हजार जातात. भाईजानने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि काही बोलला नाही. भाचा आज पुण्यात एका कंपनीत आहे, हप्ता तोच भरतो. बांगड्या अजून सुटायच्या आहेत.

नंतर पाळी भाचीची आली. ती तेव्हा बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि एम.सी.ए. करायचे तिच्या मनात पक्के होते. या वेळी मी फाइल दोन वर्षे आधी उघडली.

आधी अभ्यासक्रमांविषयी थोडे, कारण इथेही घोळ होतो. एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांचे होते, 2020-21पासून ते दोन वर्षांचे झाले. राज्यातल्या कॉलेजांतला प्रवेश सी.ई.टी. आणि कॅपमधून होतो. एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा एम.एस्सी. आय.टी.चे प्रवेश विद्यापीठे आणि कॉलेजे आपापल्या पद्धतीने देतात, फी सहसा कमी असते. ज्यांना गणिताची, सिद्धान्ताची गोडी आहे त्यांनी विद्यापीठाच्या विभागाकडे जरूर पाहावे, केवळ 'एम.सी.ए. म्हणजे नोकरी' या ऐकीव गोष्टीवर जाऊ नये. बी.ई. झालेल्यांसाठी एम.टेक. आहे. तिथे गेट परीक्षा पास होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतला तर तंत्रशिक्षण परिषदेकडून महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. आपल्या घरांत इंजिनिअर झालेली मुले आहेत, पण गेटचा अर्ज करणारी थोडी. याचे मला नवल वाटते.

ऑनलाइन एम.सी.ए.च्या जाहिराती हल्ली फोन उघडला की समोर येतात. भाईजानने विचारलेच, "घरी बसून होत असेल तर मुलीला पुण्याला कशाला धाडायचे?" नोकरी करणाऱ्याला दूरशिक्षण सोयीचे आहे, इग्नूचे एम.सी.ए. त्यासाठीच आहे. पण शासनाच्या फी सवलती नियमित, पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी आहेत. शिवाय कॉलेजची प्रयोगशाळा, सोबतची मुले, शेवटच्या वर्षी दाराशी येणाऱ्या कंपन्या घरात बसून मिळत नाहीत. भाचीने स्वतः अब्बूंना हे सांगितले, मला मध्ये पडावे लागले नाही.

आता दाखल्यांकडे येते, कारण सगळी गोष्ट इथेच अडते.

8 जुलै 2024चा शासन निर्णय सांगतो की आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, वार्षिक 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापनाच्या कोट्यातल्या जागेला, तसेच अभिमत आणि खासगी विद्यापीठांना हे लागू नाही. 'मुलींना शिक्षण मोफत' एवढेच आपल्या कानावर आलेले असते, ही अट येत नाही.

आम्ही बागवान. राज्याच्या इतर मागास वर्गाच्या यादीत बागवान आहेत, तसेच अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी असे कितीतरी आहेत. भाईजानला हे पटायला वेळ लागला. "आपल्या दीनमध्ये जात कुठे आहे? मी लिहून देणार नाही." त्याचे म्हणणे चूक नव्हते. मी एवढेच म्हटले की मस्जिदीत सफेत उभे राहताना कोणी धंदा विचारत नाही, पण सरकारी यादी आपण पिढ्यान्‌पिढ्या काय काम केले आणि किती मागे राहिलो ते पाहते. ही सवलत मुसलमान म्हणून मिळत नाही, बागवान म्हणून मिळते. दोन दिवसांनी तो आपण होऊन दादांचे जुने कागद घेऊन आला.

आणि तिथेच पाय अडकला. इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967च्या आधी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि त्या जातीचे होते, असा पुरावा लागतो. दादा नगरपालिकेच्या उर्दू शाळेत तिसरीपर्यंत शिकलेले. रजिस्टर सापडले, नाव सापडले, आणि जातीच्या रकान्यात होते, 'मुसलमान'. एवढेच. त्या काळच्या गुरुजींना वेगळे काही लिहावेसे वाटले नसेल. हा प्रश्न आपल्या हजारो घरांचा आहे. पोरे हुशार असतात, घर पात्र असते, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एका शब्दाने दार बंद होते.

मार्ग निघाला तो दादांच्या धाकट्या भावामुळे. ते आजोळी राहून खेड्यातल्या मराठी शाळेत शिकले होते. तिथल्या रजिस्टरात 'मु. बागवान' असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. मुख्याध्यापकांकडून त्या नोंदीचा निर्गम उतारा घेतला. दादा आणि ते सख्खे भाऊ हे दाखवणारी वंशावळ शपथपत्रावर केली, सातबाऱ्यावरची वारस नोंद जोडली. त्यावरून प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला मिळाला, मग कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे वैधतेचा अर्ज गेला. दक्षता पथकाची माणसे घरी येऊन चौकशी करून गेली. भाभी घाबरली होती, पण त्यांनी नातेवाईक, जुना व्यवसाय, मूळ गाव एवढेच विचारले आणि चहा घेऊन गेले. वैधता प्रमाणपत्र हाती यायला आठ महिने लागले. सी.ई.टी.चा निकाल लागल्यावर धावपळ सुरू केली असती तर काय झाले असते? वैधतेच्या अर्जाची पावती चालेल अशी सवलत शासन कधी देते, कधी देत नाही. त्यावर विसंबू नये.

नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मात्र लवकर काढून ठेवून चालत नाही, त्याची मुदत प्रवेशाच्या वर्षाला पुरणारी हवी. तो पुढे काढला. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र ही सेतूतली नेहमीची कामे. एक बारीक गोष्ट सांगते. आधार कार्डावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि जातीच्या दाखल्यावर नाव अक्षरश: एकच हवे. आपल्याकडे शेख एका जागी पुढे आणि दुसऱ्या जागी मागे, बानो कुठे आहे कुठे नाही. हे आधी जुळवून घ्या. शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या बँक खात्यात येते आणि नाव जुळले नाही की अर्ज परत येतो.

ज्यांची जात यादीत नाही, उदाहरणार्थ सय्यद, पठाण किंवा कोकणी घरे, त्यांनी हिरमुसायचे कारण नाही. खुल्या प्रवर्गातल्या 8 लाखांच्या आतल्या घरांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला मिळतो, तो मुसलमानांनाही आहे. 2019पासून. त्या दाखल्यावर मुलीची फी माफी होते. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, त्यात निम्मे शिक्षण शुल्क मिळते. तीही कॅपमधून आलेल्यांनाच, आणि एका कुटुंबातल्या दोनच मुलांना. त्यामुळे घरात तीन-चार भावंडे असतील तर कोणासाठी घ्यायची याचा विचार आधी करावा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही महाडीबीटीवर आहे. दोन्ही एकदम मिळत नाहीत. आपल्या बाबतीत कोणती जास्त भरते ते पाहून अर्ज करावा.

मशिदीच्या फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांपासून जरा जपून. 'पढो परदेश' ही केंद्राची परदेशी शिक्षणाच्या कर्जावरची व्याज सवलत 2022-23पासून बंद झाली, मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद झाली. तरी त्यांची नावे अजून फिरतात आणि लोक त्यांच्या भरवशावर बसतात.

प्रवेश प्रक्रिया मी फार लांबवत नाही, भाचीने ती जवळजवळ एकटीने केली. सी.ई.टी. मार्चच्या सुमारास होते. 90 मिनिटांत 100 प्रश्न असतात, गणित-संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आणि संगणकाची तोंडओळख. पदवीला किमान 50 टक्के, राखीव प्रवर्गाला 45. निकालानंतर कॅपची वेगळी नोंदणी करावी लागते. सी.ई.टी. दिली म्हणजे कॅपमध्ये आपोआप नाव जाते असे समजून कितीतरी मुले घरी बसतात! मग कागद तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकत नोंदवायचे दिवस, अंतिम यादी, आणि पर्यायांचा अर्ज. या पर्यायांच्या क्रमाला खूप महत्त्व आहे. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचे कॉलेज मिळाले तर ती जागा गोठते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून जिथे खरोखर जायचे आहे तेच वर लिहावे. कोणत्या कॉलेजची फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि जाहीर करते. त्याहून जास्त मागितले तर पावतीवर लिहून मागा. कॅपिटेशन फी घेणे राज्यात 1987च्या कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या अल्पसंख्याक संस्थाही यादीत असतात. अंजुमन-ए-इस्लामसारखी संस्था 1874पासून उभी आहे. अशा कॉलेजांत मुस्लिम मुलांसाठी राखलेल्या जागा कॅपमधूनच भरल्या जातात, त्यामुळे तिथे जाऊन कोणाची शिफारस शोधत फिरू नये, अर्जात अल्पसंख्याक म्हणून नोंद केली की पुरे. भाचीने अशी दोन कॉलेजे आपल्या क्रमात ठेवली होती, पण तिला तिसऱ्या क्रमांकाचे पुण्यातले एक खासगी कॉलेज लागले.

फी भरायला भाईजानसोबत मीही गेले. वर्षाची फी 1 लाख 32 हजार. त्यात शिक्षण शुल्क 1 लाख 15 हजार, विकास शुल्क साडेअकरा हजार, बाकीचे साडेपाच हजार किरकोळ. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "सगळे आत्ता भरा, शासनाचे पैसे आले की परत देऊ." भाईजानचा हात पिशवीकडे गेला. भाचीने शासन निर्णयाची छापील प्रत पुढे ठेवली आणि हळूच म्हणाली, "सर, पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क घ्यायचे नाही असे आदेश आहेत. मी हमीपत्र लिहून देते." कारकून आत गेला, दहा मिनिटांनी आला. 17 हजार भरले आणि पावती घेतली. बाहेर आल्यावर भाईजान म्हणाला, "आज पेटी उघडून घेतली."

पण फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झाले असे कोणी समजू नये. खोली आणि खानावळ मिळून महिना साडेसात हजार, वर्षाचे 90 हजार होतात. त्यात लॅपटॉप, येणे-जाणे. फीपेक्षा राहणे महाग, हे पुण्या-मुंबईचे वास्तव आहे. अल्पसंख्याक विकास विभागाची मुलींची वसतिगृहे काही ठिकाणी आहेत, तिथे अर्ज आधी करावा. आम्हाला उशीर झाला, तो दोष माझा. भाईजान गल्ल्यातून महिना पाच हजार पाठवतो, भाऊ पगारातून अडीच.

लॅपटॉपसाठी 40 हजार कमी पडले. जमातीच्या फंडातून ते कर्ज-ए-हसना म्हणून मिळाले, महिना दोन हजार, वीस महिने, वर एक पैसा नाही. भाईजानला लाज वाटत होती, "लोक काय म्हणतील?" फंडाचे सेक्रेटरी म्हणाले, "फंड त्यासाठीच आहे, फक्त लिहून द्या आणि वेळेवर परत करा, तुमच्या मागे दुसरा मुलगा उभा आहे." सूरह बकराच्या 282व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, घरच्या माणसांतही ते आपण पाळत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. जकातीतून फी भरावी का, याचा विचार ज्या घरात चालू असेल त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना घरची खरी परिस्थिती सांगून विचारावे. पात्र असताना संकोचाने मागे राहणारी घरे मी पाहिली आहेत.

कर्जाशिवाय ज्यांचे भागतच नाही, त्यांच्यासाठी एक गैरसमज दूर करते. '3 टक्के' हा आकडा दोन वेगळ्या ठिकाणी येतो. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जावर व्याजच 3 टक्के असते. नोव्हेंबर 2024मध्ये मंजूर झालेल्या पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत मात्र बँकेच्या व्याजातून 3 टक्के सूट मिळते, बाकीचे व्याज आपल्यालाच भरायचे. तीही ठरावीक नामांकित संस्थांत प्रवेश असेल तर आणि 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर. घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातले व्याज शासन भरते अशीही सोय आहे. कागदावर सही कोणत्या गोष्टीवर होते आहे ते घरच्या सगळ्यांनी बसून वाचावे. त्यातले शरीअतचे काय, ते मी गणिताच्या बाईने सांगू नये.

भाचीचे पहिले सेमिस्टर संपले. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज दुसऱ्या वर्षी पुन्हा भरायचा असतो, ती तारीख तिने भाभीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.

धाकटा आठवीत आहे. परवा त्याच्या शाळेचा बोनाफाइड मागवला, तर जातीच्या रकान्यात 'मुस्लिम' एवढेच. शाळेच्या रजिस्टरातली दुरुस्ती मुलगा शाळेत असेपर्यंत होते, शाळा सुटल्यावर फार जड जाते. बहिणीचे वैधता प्रमाणपत्र जोडून अर्ज लिहून दिला आहे. सोमवारी भाईजान गाडी बंद ठेवून मुख्याध्यापकांकडे जाणार आहे.